पाच वर्षं लेबर कॅम्पमध्ये काढून आला आणि टीमला लीग जिंकून दिली

१९६५ चा सोव्हिएत फुटबॉलचा सीझन. सगळ्यात वरच्या लीगमध्ये १७ टीम, प्रत्येकीला ३२ मॅच. शेवटी मॉस्कोची टॉर्पेडो ५१ पॉईंट्सवर आणि डायनॅमो कीव ५० वर. एका पॉईंटने टॉर्पेडो चॅम्पियन.

या टीमच्या फॉरवर्ड लाईनमध्ये २८ वर्षांचा, टक्कल पडायला लागलेला एक गडी होता. दोनच वर्षांपूर्वी तो शिक्षा भोगून सुटला होता. नाव एदुआर्द स्त्रेल्त्सोव.

गडी कामगारांच्या घरातला. १९३७ चा जन्म, मॉस्कोजवळच्या पेरोवोचा. युद्धानंतर बाप घरी परतलाच नाही, आईने कारखान्यात राबून पोराला वाढवलं. पोरगंही त्याच कारखान्यात फिटर झालं आणि तिथल्याच टीममधून खेळायला लागलं. तिथून त्याला टॉर्पेडोने उचललं. टॉर्पेडो म्हणजे मोटार कारखान्याची टीम.

१९५५ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, तो लीगचा टॉप स्कोअरर झाला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये देशाकडून पहिली मॅच खेळला आणि थेट हॅटट्रिक मारली.

१९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिक. सेमीफायनलला समोर बल्गेरिया. सोव्हिएतचे दोन खेळाडू जखमी, बदली खेळाडू घ्यायचा नियमच नाही, त्यात एक गोलने मागे. एक्स्ट्रा टाईममध्ये स्त्रेल्त्सोवने बरोबरी साधली आणि टीम २-१ ने जिंकली. (याच बल्गेरियाने पुढे ब्राँझच्या मॅचमध्ये भारताला ३-० ने हरवलं. त्या भारतीय टीममध्ये गोव्याचे नेव्हिल डिसोझा होते.) पण फायनलला स्त्रेल्त्सोवला बसवलं. गोल्ड मेडल फक्त फायनल खेळलेल्यांना मिळायचं. त्याच्या जागी खेळलेल्या सिमोन्यानने आपलं मेडल त्याला देऊ केलं, याने घेतलं नाही.

मे १९५८. वर्ल्डकप तोंडावर. मॉस्कोबाहेरच्या एका बंगल्यात पार्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी एका २० वर्षांच्या मुलीवर बलात्कार केल्याच्या आरोपात त्याला अटक झाली. गुन्हा कबूल केलास तर वर्ल्डकप खेळायला मिळेल असं सांगून त्याच्याकडून कबुली लिहून घेतली, असं म्हणतात. मिळाली १२ वर्षांची शिक्षा. एका बड्या महिला नेत्याच्या मुलीशी लग्नाला नकार दिला म्हणून त्याला अडकवलं, ही गोष्ट आजही रंगवून सांगितली जाते. पण तो निर्दोष होता असं कुठल्याही कोर्टाने म्हटलेलं नाही. या सगळ्या गोष्टींमध्ये त्या मुलीचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही, हेही खरंच.

सोव्हिएत टीम त्याच्याशिवाय स्वीडनला गेली आणि क्वार्टरफायनलला बाहेर पडली. तो तेव्हा कैदेत होता, पुढे जंगलात लाकडं तोडायच्या कॅम्पवर गेला. १९६० मध्ये टॉर्पेडोने पहिल्यांदा लीग जिंकली, तीही त्याच्याविना.

१९६३ च्या फेब्रुवारीत तो सुटला, पण लीगमध्ये खेळायला बंदी होती. मग तो कारखान्याच्या हौशी टीमकडून खेळायचा आणि त्याला बघायला तोबा गर्दी व्हायची. त्याच्यासाठी कामगारांनी वरपर्यंत धडका मारल्या. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये ख्रुश्चेव्ह जाऊन ब्रेझनेव्ह आले आणि बंदी उठली.

परत आलेला स्त्रेल्त्सोव वेगळा होता. पूर्वी तो बचावपटूंना अंगावर घेऊन घुसायचा. आता तो वेग उरला नव्हता. मग त्याने डोकं चालवलं: कमी पळायचं, जागा हेरायची, टाचेने मागे पास सोडायचा. रशियात टाचेच्या पासला आजही त्याचंच नाव आहे. त्या सीझनला त्याने १२ गोल केले, शिवाय इतरांना करून दिलेले वेगळेच.

तरी १९६६ च्या वर्ल्डकपला त्याला नेलं नाही. १९६७ आणि १९६८, सलग दोन वर्षं तो देशातला सर्वोत्तम फुटबॉलर ठरला. १९७० मध्ये त्याने खेळणं थांबवलं. १९९० च्या जुलैमध्ये घशाच्या कॅन्सरने तो गेला, वय ५३. टॉर्पेडोच्या स्टेडियमला आता त्याचं नाव आहे.