पंडिता रमाबाई : उघड्या दाराची शाळा

ख्रिस्ती शाळा कशासाठी असते, हा प्रश्न आपल्या उल्हासनगर कॅम्प ५ सारख्या वस्तीत सहज टाळता येत नाही. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीतून हे शहर उभे राहिले. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. अशा ठिकाणी ख्रिस्ती शाळेच्या बाकावर बसणारी बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात. त्यांच्यापुढे शाळेने आपली श्रद्धा लपवावी की सांगावी? आणि सांगावी तर कोठवर? महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती पंडिता रमाबाईंनी. त्या कॅथलिक नव्हत्या, हे आरंभीच नमूद केलेले बरे. तरीही त्यांचे चरित्र आपल्या धर्मगावांतील पालकांनी आणि शिक्षकांनी अवश्य अभ्यासावे असे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, वेदशास्त्रसंपन्न, परंतु पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल स्वजातीचा रोष ओढवून घेतलेले. आई लक्ष्मीबाईंनी कन्येला संस्कृत शिकविले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. पुढे दुष्काळाने आईवडील व थोरली बहीण यांचा घास घेतला. उरलेली बहीणभावंडे, रमा व श्रीनिवास, पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुणीची विद्वत्ता पारखून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीची बंधने बाजूला सारून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षांच्या आत पटकीने पतीचेही निधन झाले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या.

पुण्यात १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. पुढील वर्षी त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांची त्या भगिनी करीत असलेली सेवा पाहून त्यांचे मन हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला. मात्र कोणी सांगितले म्हणून एखादे मत मान्य करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. धर्मसभेच्या अधिकाराविषयी आपल्या गुरुभगिनींशी त्यांनी दीर्घ वाद घातला. आहार त्यांनी अखेरपर्यंत शाकाहारीच ठेवला.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे फ्रोबेलची बालशिक्षण पद्धती त्यांनी शिकून घेतली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला आणि बोस्टन येथे आपल्या कार्यासाठी साहाय्यक मंडळ उभे केले. मंडळाने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. अट अशी की विधवांसाठी निघणारी शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलविले गेले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळावर होते. मुलींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची, पूजाअर्चा करण्याची पूर्ण मोकळीक होती.

वाद पेटला तो एका दारावरून. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत कन्येसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. हे थांबवावे, असा आग्रह झाला. रमाबाईंचे म्हणणे असे की, जशी मुलींना त्यांच्या धर्माची मोकळीक आहे तशी मलाही आहे. मी कोणाला बोलाविणार नाही, पण आलेल्यांना हाकलूनही देणार नाही. केसरीने टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेले. बोस्टनच्या मंडळाने मात्र चौकशीअंती रमाबाईंची बाजू उचलून धरली.

या प्रकरणात विरोधकांना केवळ धर्मांध ठरवून मोकळे होणे न्यायाचे नाही. कोवळ्या वयाची, निराधार विधवा ज्या बाईच्या आसऱ्याला राहते, त्या बाईचे वजन तिच्या मनावर पडणारच. रानड्यांची चिंता खोटी नव्हती. परंतु संस्थाचालिकेने आपली श्रद्धा कुलूपबंद करावी, ही मागणीही न्यायाची म्हणता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावर व ख्रिस्ती शिक्षणावर स्वतंत्र घोषणापत्रे काढली. कोणावरही श्रद्धेची सक्ती होऊ नये आणि शाळेचे वातावरण मात्र शुभवर्तमानाच्या प्रीतीने व स्वातंत्र्याने भारलेले असावे, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदतात. त्या सांभाळण्याची धडपड रमाबाईंनी सत्तर वर्षे आधी, एकटीने केली होती.

अंबरनाथ-बदलापूरवरून कर्जतमार्गे पुण्यास जाणारा लोहमार्ग पुढे दौंडकडे जातो. त्याच मार्गावरील केडगावी रमाबाईंनी जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. बालपणी ज्या भुकेने त्यांचे घर रिकामे केले, तीच भूक त्यांना त्या छावण्यांत पुन्हा भेटली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. शेती, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छपाई असे उद्योग मुली शिकल्या. अंधांना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपल्यावर तटस्थतेची अटही संपली आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला. उपाशी पोटी आलेल्यांची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि प्रामाणिक माणसाने तो आजही स्वतःला विचारावा.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे म्हणून आपली संस्कृतप्रचुर शैली त्यांनी बाजूला ठेवली. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत. १९२१ साली मनोरमाबाई निवर्तल्या. भाषांतराचे काम आटोपून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. तेथील मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देत आहे.