नादाचे पारखी : केशवराव भोळे

पडद्यावर चित्र दिसू लागले की प्रेक्षकांचे डोळे तिकडे लागतात. परंतु त्या चित्रातील सुखदुःख मनापर्यंत पोचविण्याचे काम पुष्कळदा नाद करीत असतो. मराठी रंगभूमीवर व बोलपटांत हे मर्म ज्यांनी प्रारंभीच ओळखले, त्यांमध्ये संगीतकार केशवराव भोळे यांचे स्थान फार वरचे आहे.

केशव वामन भोळे यांचा जन्म १८९६ साली अमरावती येथे झाला. वैद्यकीच्या अभ्यासासाठी ते मुंबईस आले. डॉक्टर होऊन प्रतिष्ठेचे व स्थिर जीवन जगण्याची वाट त्यांच्यापुढे मोकळी होती. पण त्यांचे मन गाण्यातच गुंतले. अखेरीस वैद्यकी सुटली आणि संगीताचा बेभरवशाचा मार्ग त्यांनी पत्करला. ऐकलेल्या गाण्याचा ते बारकाईने विचार करीत. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी थोर गायकांविषयी मार्मिक लेखन केले.

त्या काळच्या संगीत नाटकांत पदांची रेलचेल असे. एकेका पदाला 'वन्समोअर' मिळे आणि कथानक मात्र खोळंबून राही. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याचे संगीत केशवरावांनी दिले. गीते मोजकीच, तीही पात्राच्या मनातील भाव उलगडणारी, अशी त्यांची योजना होती. या नाटकात त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई यांनी काम केले व त्यांच्या गायनाने रसिकांची मने जिंकली. गाण्याने कथा अडवू नये, तिला साथ द्यावी, हे प्रेक्षकांना पटले.

पुढे केशवराव पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत संगीतदिग्दर्शक झाले. १९३६ साली 'संत तुकाराम' हा चित्रपट आला. तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. केशवरावांनी या चित्रपटात वारकऱ्यांच्या भजनाचा साधेपणा जपला. त्यातील एक अभंग कवी शांताराम आठवले यांनी नव्याने रचला होता. त्याला केशवरावांनी अशी अस्सल भजनी चाल दिली की, अनेकांना तो तुकोबांच्या गाथेतीलच वाटला! १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवातही या चित्रपटाचा गौरव झाला.

त्याच वर्षी 'कुंकू' हा चित्रपट प्रकाशित झाला. फसवणुकीने एका वृद्धाशी लग्न लावून दिलेल्या नीरा या तरुणीची ती कथा. तिने तो अन्याय मुकाट्याने सोसला नाही. तिची घुसमट प्रेक्षकांना जशीच्या तशी जाणवावी म्हणून चित्रपटात पार्श्वसंगीत मुळीच वापरू नये, असे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी ठरविले. ज्याचे काम वाद्ये वाजवून घेण्याचे, त्यानेच वाद्यमेळ बाजूस ठेवावयाचा, ही संगीतकाराची परीक्षाच होती. गाण्यांना केशवरावांनी सुंदर चाली दिल्या. इतर प्रसंगी मात्र घरातले व रस्त्यावरचे नेहमीचे आवाजच तेवढे ऐकू येत. घड्याळाची टिकटिक शांत घरात मोठी वाटे आणि नीराचे एकटेपण प्रेक्षकांच्या काळजाला भिडे. कोठे वाजवावे याइतकेच कोठे थांबावे हेही संगीतकाराला कळावे लागते, हे या चित्रपटाने दाखवून दिले.

आपले अनुभव केशवरावांनी 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' या ग्रंथात लिहून ठेवले. पुढे त्यांचे निधन झाले. प्रभात कंपनी त्यापूर्वीच बंद पडली होती. परंतु तिच्या आवारात आज चित्रपटविद्येची राष्ट्रीय संस्था उभी असून तेथे विद्यार्थी ध्वनिमुद्रणाचेही शिक्षण घेतात. ज्या वास्तूत केशवरावांनी स्वरांना आणि शांततेला सारखाच मान दिला, तेथेच नव्या पिढीचे कान तयार होत आहेत.