न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : आधी संस्था, मग शाळा

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर चार सुशिक्षित माणसे एकत्र बसली की समाजासाठी एखादी संस्था काढावी, असा विचार हमखास निघतो. विचार चांगलाच, पण संस्था काढावी की नाही, हे कसे ठरवावे? यासाठी मरहूम न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र पालकांनी व विद्यार्थ्यांनी अवश्य डोळ्यांखालून घालावे. अलिबाग तालुक्यातील किहीमशी तय्यबजी घराण्याचा जुना घरोबा असल्याने ते आपल्याला परकेही नाहीत.

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. वडील तय्यब अली हे मूळचे खंबायतचे. मुंबईत त्यांनी व्यापारात जम बसविला. 1860 साली त्यांनी मुलाला विलायतेस पाठविले. डोळ्यांच्या विकारामुळे बद्रुद्दीन यांना मध्येच परतावे लागले, तरी ते पुन्हा गेले आणि 1867 साली बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

स्वतःचा संसार सुखाचा करणे त्यांना सहज शक्य होते. परंतु सरकारी शाळा उघड्या असूनही मुसलमान मुले त्यांत फारशी दिसत नव्हती. इंग्रजी शिकून मुलगा दीनपासून दूर जाईल, अशी पालकांना धास्ती होती. घरची गरिबी होतीच. म्हणजे उणीव केवळ शाळांची नव्हती, विश्वासाची होती. जे काम सरकारी शाळांकडून होत नव्हते, तेवढ्यासाठीच नवी संस्था हवी होती.

1874 साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. बद्रुद्दीन यांच्यासोबत त्यांचे वडील बंधू, सॉलिसिटर कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांतील व्यापारी नाखुदा महंमद अली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद होते. कायदा जाणणारे, व्यापारउदीम असणारे, विद्याव्यासंगी अशी ही माणसे निरनिराळ्या जमातींतील होती. शाळा मात्र 1880 साली सुरू झाली, आणि बोरीबंदरसमोरची भव्य इमारत 1893 साली उभी राहिली. म्हणजे शाळेस सहा वर्षे, तर इमारतीस एकोणीस वर्षे लागली!

या काळात बद्रुद्दीन यांचा व्याप वाढतच होता. 1887 साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, 1895 साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1897 साली लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच. तरीही अंजुमनचे काम त्यांनी सोडले नाही. मुलींच्या शिक्षणाचाही त्यांनी उघड पुरस्कार केला. 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

संस्थापक गेले, पण अंजुमन थांबली नाही. तिच्या शाळा-महाविद्यालयांतून आजही हजारो मुलेमुली शिकत आहेत.

म्हणून संस्थेची नोंदणी करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे : हे काम दुसरी कोणी संस्था करते आहे काय? करीत असेल, तर तिलाच हात देणे बरे. नसेल, तर वेगवेगळ्या कसबाची चार माणसे बरोबर आहेत काय? शाळेचे पहिले वर्ग भरेपर्यंत सहा वर्षे दम धरण्याची तयारी आहे काय? आणि आपल्यामागे हे काम कोण चालवील? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर खुशाल बिस्मिल्ला करावी.