विश्लेषण : दाट गवतात चेंडू हलला... बॉबी जोन्सने स्वतःलाच दंड का केला?

गोल्फच्या मैदानात कापलेल्या पट्ट्याच्या, म्हणजे फेअरवेच्या दोन्ही बाजूंना उंच गवत मुद्दाम राखलेले असते. त्याला 'रफ' म्हणतात. फटका चुकला की चेंडू तिथे जातो आणि भल्याभल्यांची परीक्षा होते. अमेरिकेचा बॉबी जोन्स हा महान गोल्फपटू १९२५ मध्ये अशाच गवतामुळे एक मोठी स्पर्धा हरला. तीही फटका चुकल्यामुळे नव्हे.

नेमके काय घडले?

जून १९२५. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे अमेरिकन खुली स्पर्धा सुरू होती. पहिल्या फेरीत ११व्या होलवर जोन्सचा चेंडू ग्रीनजवळच्या चढावर, उंच गवतात अडकला. फटक्यासाठी उभे राहताना त्याच्या क्लबचा गवताला स्पर्श झाला आणि चेंडू किंचित हलला. सोबत खेळणाऱ्या वॉल्टर हेगनला ते दिसले नाही, पंचांनाही नाही. सांगितले ते जोन्सनेच. विचारपूस करून अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावर सोपवला. त्याने एका फटक्याचा दंड लावून घेतला आणि ७६ऐवजी ७७ फटके नोंदवले.

चार फेऱ्यांनंतर तो आणि विली मॅकफार्लेन २९१ फटक्यांवर बरोबरीत होते. निर्णायक १८ होलमध्येही दोघांचे ७५. पुन्हा १८ होल खेळवले, त्यात मॅकफार्लेनने ७२, तर जोन्सने ७३ फटके घेतले. तो दंड नसता, तर जोन्स चार फेऱ्यांतच जिंकला असता.

गवतात चेंडू इतका सहज का हलतो?

कारण तो जमिनीवर नसतोच, पात्यांवर तोललेला असतो. मागचे गवत दाबले की आधार सरकतो. म्हणून जाणकार खेळाडू क्लब जमिनीवर टेकवत नाहीत, अधांतरी धरतात. पुढची अडचण प्रत्यक्ष फटक्याची. पाती क्लबच्या मानेभोवती गुंडाळली जातात आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा क्लब डावीकडे वळतो. त्यामुळे पकड घट्ट हवी आणि क्लब वरून उभाच खाली यायला हवा. चेंडू आणि क्लब यांच्यामध्ये गवत आले की चेंडूला फिरकी कमी मिळते. मग तो ग्रीनवर थांबत नाही, धावत राहतो. गवत फारच दाट असेल, तर झेंड्याचा मोह सोडून चेंडू आधी फेअरवेवर आणणेच शहाणपणाचे. जोन्सच्या काळात क्लबचे दांडे हिकोरी लाकडाचे होते, ते पिळवटत. तेव्हा हे काम आणखी अवघड.

आज नियम काय?

२०१९ पासून ग्रीनवर चेंडू चुकून हलला तर दंड नाही. रफमध्ये मात्र खेळाडूमुळे चेंडू हलला तर आजही एक फटका दंड आणि चेंडू पुन्हा मूळ जागी.

जोन्स पहिल्यापासून असा होता का?

मुळीच नाही. १९०२ मध्ये अटलांटात जन्मलेला हा मुलगा तरुणपणी कमालीचा रागीट होता. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूजला बंकरमधून चेंडू निघेना, तेव्हा त्याने चेंडू उचलून स्पर्धाच सोडली. योगायोग म्हणजे तेही ११वेच होल! पुढे त्याने रागावर ताबा मिळवला. तो कायद्याचे शिक्षण घेऊन वकील झाला आणि स्पर्धा खेळला त्या सगळ्या हौशी खेळाडू म्हणूनच. १९३० मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या खुल्या व हौशी, अशा चारही मोठ्या स्पर्धा त्याने जिंकल्या आणि २८व्या वर्षी निवृत्ती घेतली.

नंतर मज्जारज्जूच्या आजाराने तो चाकाच्या खुर्चीला खिळला. १९७१ मध्ये त्याचे निधन झाले. त्याने क्लिफर्ड रॉबर्ट्ससह उभारलेल्या ऑगस्टा नॅशनलवर १९३४ पासून मास्टर्स स्पर्धा होते. अनेक दशके त्या मैदानावर रफ जवळपास नव्हतेच. फेअरवेच्या कडेला थोडे उंच गवत राखायला तिथे सुरुवात झाली ती १९९९ मध्ये.