नजरकैदेत पूर्ण झालेले गतिशास्त्र

पेडल मारणे थांबविले की सायकल थोडे अंतर जाऊन थांबते. यावरून वस्तू चालू राहण्यासाठी तिच्यावर सतत बल लावावे लागते, असे कोणालाही वाटेल. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याचे मतही असेच होते आणि युरोपातील विद्यापीठांनी ते शतकानुशतके प्रमाण मानले. या मताची प्रयोगाने परीक्षा घेणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे गॅलिलिओ गॅलिली.

गॅलिलिओ यांचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील विन्चेन्झो हे संगीतज्ञ होते. मुलाने वैद्य व्हावे या इच्छेने त्यांनी त्याला पिसा विद्यापीठात घातले; परंतु गॅलिलिओ यांचे मन गणितात रमले आणि १५८५ मध्ये पदवी न घेताच त्यांनी विद्यापीठ सोडले. चारच वर्षांनी ते तेथे गणिताचे प्राध्यापक म्हणून परतले. १५९२ पासून पुढील अठरा वर्षे त्यांनी पादुआ येथे अध्यापन केले. गतीविषयीचे त्यांचे महत्त्वाचे प्रयोग याच काळातील आहेत.

पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून त्यांनी गोळे टाकल्याची कथा सर्वश्रुत आहे. मात्र ती त्यांच्या शिष्याने नंतर लिहून ठेवलेली असून इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. खरा प्रयोग अधिक साधा आणि अधिक कल्पक होता. सरळ खाली पडणारी वस्तू इतकी वेगाने जाते की त्या काळच्या साधनांनी तिची वेळ मोजणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी लांब लाकडी तुळईत गुळगुळीत खोबण कोरली, तुळई किंचित तिरपी ठेवली आणि खोबणीतून काशाचा गोळा सोडला. उतारामुळे गती मंदावली. वेळ मोजण्यासाठी भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी साठवून त्याचे वजन केले.

त्यातून एक सुंदर नियम हाती आला. पहिल्या क्षणात गोळ्याने एक भाग अंतर कापले, तर पुढच्या तितक्याच कालावधीत तीन भाग, त्यानंतर पाच भाग. म्हणजे एकूण अंतर अनुक्रमे १, ४, ९ असे, वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यालाच आज आपण एकसमान त्वरण म्हणतो.

त्यांचा दुसरा विचार त्याहून मूलगामी होता. एका उतारावरून आलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत चढतो. चढ कमी केला तर ती उंची गाठण्यासाठी तो अधिक दूर जातो. चढ मुळीच नसेल आणि घर्षणही नसेल, तर त्याला थांबण्याचे कारणच उरत नाही. सायकल थांबते ती बल संपल्यामुळे नव्हे, तर घर्षण आणि हवेचा रोध यांमुळे. गती टिकण्यासाठी बल लागत नाही. गती बदलण्यासाठी लागते.

दुर्बिणीच्या साहाय्याने १६१० मध्ये त्यांनी गुरूचे चार चंद्र शोधले आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताचा ते आग्रहाने पुरस्कार करू लागले. त्यामुळे १६३३ मध्ये रोम येथे धर्मन्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. आपले मत त्यांना जाहीरपणे सोडून द्यावे लागले आणि उर्वरित आयुष्य नजरकैदेत काढावे लागले. पुढच्याच वर्षी त्यांची लाडकी कन्या मारिया चेलेस्ते निवर्तली.

या दुःखात, सत्तरी गाठलेल्या गॅलिलिओ यांनी फ्लॉरेन्सजवळील आर्चेत्री येथे तीस वर्षांपूर्वीची टिपणे पुन्हा हाती घेतली. गती आणि पदार्थांचे बळ या विषयांवरील त्यांचा ग्रंथ इटलीत छापणे अशक्य होते. तो १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे प्रसिद्ध झाला. तोपर्यंत त्यांची दृष्टी गेली होती.

८ जानेवारी १६४२ रोजी त्यांचे निधन झाले. पंचेचाळीस वर्षांनी, १६८७ मध्ये, आयझॅक न्यूटन यांनी गतीचे तीन नियम मांडले. त्यांतील पहिल्या नियमाच्या मुळाशी गॅलिलिओ यांचा तो न थांबणारा गोळा आहे. ज्याच्या हिंडण्याफिरण्यावर बंदी होती, त्याच वृद्धाने जगाला गतीचा अर्थ समजावून दिला.