स्वस्त किमतीचा कारागीर : गुनपेई योकोई

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

चरित्रे लिहिली जातात ती देशभक्तांची, संतांची, कवींची आणि शास्त्रज्ञांची. खेळणी बनविणाऱ्या माणसाचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. परंतु ज्याच्या हातची वस्तू जगातील कोट्यवधी मुलांच्या हातांत पोहोचली, आणि ती पोहोचावी म्हणून ज्याने वस्तू घडवितानाच तिच्या किमतीचा विचार केला, त्या माणसाचे आयुष्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी अवश्य अभ्यासावे. जपानचे गुनपेई योकोई हे ते कारागीर होत.

किंमत उतरली की मागणी वाढते, हा नियम आपण बारावीतच पाठ केलेला असतो. इतर परिस्थिती कायम असताना, ही अटही आपण परीक्षेत न विसरता लिहितो. पण ही इतर परिस्थिती म्हणजे काय, आणि किंमत उतरविण्यासाठी कोणाला काय सोडून द्यावे लागते, हे पुस्तकातील आलेखात दिसत नाही. ते योकोई यांच्या आयुष्यात दिसते.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतो शहरात झाला. दोशिशा विद्यापीठात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले आणि १९६५ साली ते त्याच शहरातील निन्टेंडो या कंपनीत नोकरीस लागले. आज व्हिडिओ गेमसाठी ओळखली जाणारी ही कंपनी १८८९ साली स्थापन झाली ती हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनविण्यासाठी. योकोई यांचे काम पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्याचे होते. इंजिनिअरची पदवी घेतलेल्या तरुणाला हे काम काही फार मोठे नव्हते! फावल्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी लांब होणारा आणि आखडणारा एक चिमटेवजा हात तयार केला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस तो पडला. नोकराला दटावण्याऐवजी त्यांनी त्या वस्तूचे खेळणे करावयास सांगितले. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते बाजारात आले आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले. देखभाल करणारा कामगार खेळण्यांचा संशोधक झाला.

योकोई यांची विचारपद्धती इतरांहून वेगळी होती. अगदी नवे, म्हणून अगदी महाग, असे तंत्र ते टाळीत. जे तंत्र जुने झाले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक आहेत आणि जे बाजारात मुबलक व स्वस्त मिळते, तेच घेऊन त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग करावा, असे त्यांचे सूत्र होते. याचा पहिला मोठा पुरावा १९८० साली मिळाला. रेल्वेच्या प्रवासात एक नोकरदार गृहस्थ वेळ जात नाही म्हणून कॅल्क्युलेटरची बटणे दाबीत बसलेला त्यांनी पाहिला होता. त्या काळात जपानी कंपन्यांच्या चढाओढीमुळे कॅल्क्युलेटर फार स्वस्त झाले होते, आणि त्यांतील काचेचे पडदेही. दुसऱ्यांच्या किमतयुद्धात स्वस्त झालेला तो पडदा योकोई यांनी उचलला व त्यातून खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ निर्माण केला. या मालिकेची चार कोटींहून अधिक यंत्रे जगभर विकली गेली. अधिक चिन्हाच्या आकाराचे जे दिशादर्शक बटण आज सर्वांना परिचित आहे, तेही याच मालिकेत १९८२ साली त्यांनी आणले.

यानंतर आला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा सामना. २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ विक्रीस निघाला. सातोरु ओकादा आदी सहकाऱ्यांसह योकोई यांच्या विभागाने तो तयार केला होता. जपानमध्ये त्याची किंमत १२,५०० येन, तर अमेरिकेत सुमारे ९० डॉलर होती. त्याच वर्षी अटारी कंपनीचा ‘लिंक्स’ अमेरिकेत सुमारे १८० डॉलरला आला. पुढे सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ १९९० साली जपानमध्ये १९,८०० येनला आणि १९९१ साली अमेरिकेत सुमारे १५० डॉलरला आला. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते आणि त्यांच्यामागे दिवा होता. गेम बॉयचा पडदा मात्र हिरवट-करडा, चार छटांचा आणि दिव्याविना. दुकानातील काउंटरवर तिन्ही यंत्रे शेजारी ठेवली, तर गेम बॉय अगदीच बापुडवाणा वाटावा!

मग तो जिंकला कसा? पहिले कारण उघड आहे : तो लिंक्सच्या निम्म्या किमतीत मिळत होता. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास वा त्याहूनही अधिक चाले. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सचीही तीच गत होती. आमच्यासारख्या घरांत वस्तू घेताना नेहमी दोन किमती विचारल्या जातात; एक आज द्यावयाची आणि दुसरी रोज द्यावयाची. मोटारसायकल हप्त्याने येईलही, पण पेट्रोल कोण घालणार, हा प्रश्न माझे वडील आधी विचारतात. अर्थशास्त्रात यालाच पूरक वस्तूंची किंमत म्हणतात. रंग आणि दिवा सोडून देताना योकोई यांनी या दोन्ही किमती एकदमच उतरविल्या.

तिसरे कारण खेळांच्या कॅसेटचे. अमेरिकेत गेम बॉयबरोबर ‘टेट्रिस’ हा खेळ दिला गेला. मॉस्को येथे १९८४ साली जन्मलेला हा खेळ साधा, रंगांवर न अडणारा आणि लहानथोर सर्वांना खेळता येण्याजोगा होता. यंत्र स्वस्त म्हणून ते पुष्कळ घरांत गेले. पुष्कळ घरांत गेले म्हणून त्यासाठी खेळ करणारे पुढे आले. आणि खेळ भरपूर म्हणून आणखी घरांनी यंत्र घेतले. १९९६ साली आलेल्या ‘पोकेमॉन’ला मुलांच्या हाती असे लक्षावधी गेम बॉय तयारच मिळाले. गेम बॉय आणि त्याची पुढील रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटी ऐंशी लाखांहून अधिक यंत्रे खपली. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला आणि लिंक्स तर त्याच्याही फार मागे राहिला.

इथेच चरित्र संपले असते, तर किंमत कमी ठेवा आणि जिंका, एवढाच धडा आपण घेतला असता. पण १९९५ साली योकोई यांचे ‘व्हर्च्युअल बॉय’ हे यंत्र आले. जपानमध्ये त्याची किंमत १५,००० येन, तर अमेरिकेत सुमारे १८० डॉलर होती. येथेही त्यांनी स्वस्त घटकच निवडले होते. लाल दिवे सर्वांत स्वस्त, म्हणून सारे चित्र लाल आणि काळे. परंतु हे यंत्र टेबलावर ठेवून त्यात डोळे घालून बसावे लागे. ते ना खिशातले, ना घरातल्या टीव्हीचे. डोळे दुखतात, डोके दुखते, अशी तक्रार होऊ लागली. कंपनीने किंमत पुन्हा पुन्हा उतरवली, तरी गिऱ्हाईक फिरकले नाही. आठ लाखांचा आकडाही न गाठता ते वर्षाच्या आत बंद पडले. जी वस्तू लोकांना नकोच आहे, तिची मागणी किंमत उतरवून वाढत नाही!

ऑगस्ट १९९६ मध्ये, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर, योकोई यांनी निन्टेंडो सोडली. लोकांनी त्याचा संबंध या अपयशाशी जोडला. स्वतः योकोई यांनी तो मानला नाही. त्यांनी ‘कोतो’ ही स्वतःची छोटी संस्था काढली आणि बांदाई कंपनीसाठी एका नव्या यंत्राच्या कामास हात घातला. पण ४ ऑक्टोबर १९९७ रोजी होकुरिकु द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले असता दुसऱ्या वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते.

त्यांचे ते अखेरचे यंत्र, ‘वंडरस्वान’, १९९९ साली जपानमध्ये ४,८०० येनला विक्रीस आले. एकाच सेलवर ते तीस तासांहून अधिक चाले. दोन्ही किमती पुन्हा उतरल्या होत्या! तरीही ते गेम बॉयला हटवू शकले नाही. कारण खेळांचा आणि खेळाडूंचा दहा वर्षांचा साठा निन्टेंडोकडे होता. योकोई यांच्या वस्तूला अखेर योकोई यांनीच घडविलेल्या वस्तूने हरविले.

किंमत म्हणजे वस्तू तयार झाल्यावर तिला चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. ही वस्तू कोणासाठी आहे, या प्रश्नाचे ते उत्तर असते. गेम बॉयच्या निर्मात्याने उत्तर दिले, की ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत त्याच्यासाठीही. आणि त्यासाठी रंगाचा मोह सोडला. उद्या आपल्यापैकी कोणी दुकान टाकील, कोणी कारखान्यात जाईल, कोणी शाळेत शिकवील. आपल्या कामातून काय वगळले म्हणजे ते अधिक लोकांपर्यंत जाईल, आणि काय वगळले तर ते कामच उरणार नाही, हा विवेक आपल्यालाही करावा लागेल. तो विवेक आपल्या यशातून आणि अपयशातूनही शिकविणाऱ्या या कारागिराच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!