बाबासाहेब आणि नदीतली मालवाहतूक

जयंतीच्या बॅनरवर बाबासाहेबांच्या हाती आम्ही संविधान पाहतो. नद्यांचा नकाशा कधी दिसत नाही. कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकलेले बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीजही तेव्हा याच खात्याकडे. (मजूर खाते दुय्यम समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.) नदीचे पाणी अडवून सिंचन, वीज आणि मालवाहतूक एकत्र साधावी, हा त्यांचा आग्रह. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व जलवाहतूक आयोग स्थापन झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकच्या परिषदेत ओडिशाच्या नद्यांसाठी त्यांनी हेच मांडले. तिथला ब्राह्मणी-महानदी जलमार्ग राष्ट्रीय ठरायला २००८ उजाडले. तालचेरचा कोळसा पारादीप बंदराला आजही मुख्यतः रेल्वेनेच जातो.